ऐकवण्याची किंमत: हाय-फायचा दुकानदार आणि त्याचं गिऱ्हाईक



आज एका छोट्या बाजाराचा इतिहास सांगायचा आहे. छोटा अशासाठी, की धान्य, कापड, सोनं यांच्यापुढे त्याची उलाढाल नगण्य. पण खरेदी-विक्रीतला विश्वास कसा घडतो आणि कसा मोडतो, हे पाहायचं असेल तर याच्याइतका बोलका बाजार मला दुसरा सापडलेला नाही. हा बाजार हाय-फायचा. म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर, स्पीकर, टर्नटेबल, डेक विकणाऱ्या दुकानदारांचा आणि त्यांच्या गिऱ्हाइकांचा.

हाय-फाय हे ‘हाय फिडेलिटी’चं लघुरूप. फिडेलिटी म्हणजे इमान. मूळ आवाजाशी जास्तीत जास्त इमान राखणारं यंत्र, एवढाच त्याचा अर्थ. आता गंमत बघा. साडी घेताना आपण ती अंगावर टाकून पाहतो, आंबा घेताना वास घेतो. तो आंबा घरी नेला तरी आंबाच राहतो. आवाजाचं तसं नाही. दुकानात जो अ‍ॅम्प्लिफायर वाजतो, तो दुकानाच्या खोलीत, दुकानदाराच्या स्पीकरवर, दुकानदारानं निवडलेल्या तबकडीवर वाजतो. घरी आणला की खोली बदलते, भिंती बदलतात, कधी स्पीकरही बदलतात आणि तोच अ‍ॅम्प्लिफायर वेगळा वाजायला लागतो. म्हणजे गिऱ्हाईक जे विकत घेतं, ते दुकानात पूर्ण तपासताच येत नाही. त्याला कुणाच्या तरी कानांवर भरवसा ठेवावा लागतो. ते कान दुकानदाराचे.

दुकानदारानं दिलेल्या या कानांची किंमत कोण मोजतं, हा आजचा प्रश्न. बिलावर अ‍ॅम्प्लिफायर लिहिलेला असतो, स्पीकर लिहिलेले असतात, कर लिहिलेला असतो. ‘ऐकवलं’ असं कुठेच लिहिलेलं नसतं. या न लिहिलेल्या ओळीचा इतिहास आज पाहू. शेवटी या इतिहासात मी स्वतः काय केलं, तेही सांगणार आहे. ते फारसं भूषणावह नाही.

अंधारातली गायिका

आवाज विकायचा म्हणजे आधी ऐकवायचा, हे पहिल्या पिढीच्या व्यापाऱ्यांनाच कळलं होतं. अमेरिकेत एडिसनच्या कंपनीनं 1915 च्या सुमारास ‘टोन टेस्ट’ नावाचे कार्यक्रम सुरू केले. गावातला एडिसनचा विक्रेता सभागृह घ्यायचा, लोकांना बोलवायचा. रंगमंचावर फोनोग्राफ आणि शेजारी प्रत्यक्ष गायिका. ती तबकडीबरोबर गायची, मध्येच थांबायची. मग दिवे घालवायचे. अंधारात गाणं चालूच. दिवे लागले की गायिका रंगमंचावर नाहीच, यंत्र एकटंच गातंय! लोक थक्क व्हायचे आणि दुसऱ्या दिवशी विक्रेत्याच्या दुकानात यायचे.

या कार्यक्रमांत गाणाऱ्यांपैकी अ‍ॅना केस ही एक नामवंत गायिका. तिनं पुष्कळ वर्षांनी सांगून टाकलं, की ती आपला आवाज यंत्राच्या आवाजाला जुळवून गात असे. म्हणजे यंत्र माणसासारखं गात नव्हतं, माणूसच यंत्रासारखा गात होता.

मला ही गोष्ट या सगळ्या धंद्याची नांदी वाटते. तिच्यात दोन्ही गोष्टी आहेत. विक्रेत्यानं खर्च करून, कष्ट घेऊन लोकांना आवाज ऐकवला, ही एक. आणि ऐकवताना हातचलाखी केली, ही दुसरी. पुढच्या शंभर वर्षांत या दोन्ही गोष्टी हातात हात घालून चालल्या.

आपल्याकडे ग्रामोफोनचं युग 1902 च्या नोव्हेंबरात कोलकात्यात सुरू झालं. ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गायसबर्गनं तिथे गौहरजानचा आवाज ध्वनिमुद्रित केला. 1908 मध्ये कोलकात्यातच सियालदह भागात तबकड्यांचा कारखाना निघाला. त्याच शहरात हेमेंद्रमोहन बोस यांनी ‘टॉकिंग मशीन हॉल’ उघडला आणि स्वतःच्या नावानं ध्वनिमुद्रणंही विकली. सुगंधी तेल आणि सायकली विकणारा हा उद्योजक आवाजाच्या धंद्यात उतरला, यात नवल काहीच नाही. सुरुवातीला ग्रामोफोन हा सायकलीसारखाच एक नवलाईचा विलायती माल होता.

पण एक फरक होता. सायकल विकली की विषय संपला. ग्रामोफोन विकला की विषय सुरू होतो, कारण गिऱ्हाईक तबकड्यांसाठी, सुयांसाठी, स्प्रिंग तुटली म्हणून परत परत येतं. दुकानदाराला गिऱ्हाइकाची आवड पाठ व्हायची. मुंबईत काळा घोडा भागातलं ‘रिदम हाउस’ 1948 मध्ये सुरू झालं. तिथे छोट्या बूथमध्ये उभं राहून आधी ऐकायचं आणि मग घ्यायचं, अशी सोय होती. त्या बूथमध्ये तासन्‌तास उभं राहून काहीच न घेता बाहेर पडलेली माणसं किती असतील, कोण जाणे. ते दुकान 2016 च्या फेब्रुवारीअखेर बंद झालं, तेव्हा त्यातली पुष्कळ माणसं हळहळली.

कायद्यातली ‘पसंती’

आता थोडं कायद्याकडे वळू, कारण तो या विषयाशी फार नेमकेपणानं बोलतो. आपला वस्तुविक्री कायदा 1930 चा. विकत घेणाऱ्यानं डोळे उघडे ठेवावेत, नंतर तक्रार करू नये, हे त्याचं मूळ धोरण. पण कलम 16 मध्ये एक अपवाद आहे. गिऱ्हाइकानं आपल्याला वस्तू कशासाठी हवी आहे ते दुकानदाराला सांगितलं आणि त्यावरून दुकानदाराच्या जाणकारीवर आपण विसंबतोय हे दिसत असेल, तर त्या कामाला योग्य वस्तू देण्याची जबाबदारी दुकानदारावर येते. वस्तू त्याच्या नेहमीच्या धंद्यातली मात्र हवी. म्हणजे ‘माझी खोली बारा बाय दहाची आहे, मी गाणं बजावणं ऐकतो, मला काय घ्यावं?’ असं विचारून त्याच्या शब्दावर खरेदी केली, तर तो शब्द हवेत विरत नाही.

दुसरं कलम 24. वस्तू ‘पसंतीवर’ दिली असेल तर ती घरी गेली म्हणून विकली गेली असं होत नाही. गिऱ्हाइकानं पसंती कळवली, किंवा न कळवता ठरलेल्या मुदतीपलीकडे ठेवून घेतली, की मगच मालकी बदलते. पसंतीवर साड्या नेणं आपल्या घरांना चांगलं ठाऊक आहे. हाय-फायच्या चांगल्या दुकानदारांनी हीच रीत यंत्रांना लावली. शनिवारी घेऊन जा, सोमवारी आणून द्या किंवा पैसे द्या.

हे वाटतं तितकं साधं नाही. चार दिवस एक अ‍ॅम्प्लिफायर कुणाच्या घरी असतो, तेव्हा दुकानदाराचं भांडवल अडकून पडतं. ओरखडा उठू शकतो, चुकीची तार जोडून आउटपुट जळू शकतं. ही जोखीम तो घेतो ती नफ्याच्या भरवशावर. दहा जणांना ऐकवलं, तिघांनी घेतलं, तर त्या तिघांच्या बिलातून दहा जणांच्या ऐकण्याचा खर्च निघतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

टंचाईतला विश्वास

स्वातंत्र्यानंतरच्या चार दशकांत या नात्याला एक निराळंच वळण लागलं. परकीय चलन वाचवायचं म्हणून चैनीच्या वस्तूंच्या आयातीवर कडक निर्बंध आणि जे येईल त्यावर जबर जकात. घरात साधा रेडिओ ठेवायला परवाना लागायचा आणि त्याची फी पोस्टात भरावी लागायची. देशात बनणाऱ्या मालात फिलिप्स आणि एचएमव्हीचे रेकॉर्ड प्लेयर होते. पुढे हाय-फाय म्हणण्याजोगं काम करणाऱ्या काही देशी कंपन्या उभ्या राहिल्या. मुंबईची कॉस्मिक, कोलकात्याची सोनोडाइन ही नावं सत्तरीच्या आणि ऐंशीच्या दशकातल्या शौकिनांना आजही आठवतात. पण ज्याला आकाई, सान्सुई, टेक्निक्स हवं, त्याला दोनच वाटा. परदेशातून येणारा नातेवाईक, नाहीतर चोरबाजार.

या दोन वाटा जिथे येऊन मिळायच्या, ती ठिकाणं तुमच्यापैकी प्रत्येकाच्या शहरात असतील. मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि मनीष मार्केट, पुण्यात बुधवार पेठ, दिल्लीत लाल किल्ल्यासमोरचं लजपतराय मार्केट, चेन्नईत रिची स्ट्रीट आणि बर्मा बाजार, बंगळूरला एस. पी. रोड, कोलकात्यात चांदनी. इंदूर, बडोदा, हैदराबादच्या मराठी कुटुंबांतली मुंबईची खेप म्हणजे लग्नाचा बस्ता आणि सोबत लॅमिंग्टन रोडची एक चक्कर, असा बेत पुष्कळदा असे.

सरकारला हे दिसत नव्हतं असं नाही. सीमाशुल्क कायद्यात 1969 साली एक नवं प्रकरण घातलं गेलं. अधिसूचित केलेला विदेशी माल जवळ असेल तर तो कुठे ठेवलाय ते कळवायचं, धंदा करणाऱ्यानं हिशेब ठेवायचा, विक्रीची पावती ठेवायची. हेतू तस्करी रोखण्याचा. प्रत्यक्षात काय झालं, तर आडमार्गानं आलेल्या मालाला पावतीच मिळेनाशी झाली. पावती नाही म्हणजे हमी नाही, हमी नाही म्हणजे कोर्टात उभं राहायला पुरावा नाही. 1930 च्या कायद्यानं दिलेलं सगळं संरक्षण या एका कागदाअभावी निकामी.

मग उरलं काय? माणूस. ‘काही झालं तर आणून टाका, मी बसलोय इथे’ एवढं वाक्य. हीच हमी, हीच पावती. आणि नवल असं, की पुष्कळ वेळा ती पाळली जायची. एक कारण सरळ व्यवहाराचं होतं. माल थोडा, गिऱ्हाईक थोडं, आणि शौकीन मंडळी एकमेकांना ओळखणारी. एकाला फसवलं की दहा जणांना कळायचं. दुसरं कारण असं, की दुकानदाराचं ज्ञान तेव्हा खरोखर दुर्मिळ होतं आणि त्याच्या कारागिराचं हस्तकौशल्य त्याहून दुर्मिळ.

याचं एक उदाहरण देतो. समजा, भाऊ अमेरिकेहून टर्नटेबल घेऊन आला. तिथली वीज 120 व्होल्टची, आपली 230 ची. ट्रान्सफॉर्मर लावला की व्होल्टेजचा प्रश्न मिटला. पण तिथली वीज 60 हर्ट्झची आणि आपली 50 ची. त्या काळच्या बऱ्याच टर्नटेबलची मोटर विजेच्या या वारंवारतेच्या ठेक्यावर फिरायची. म्हणजे इथे ती सहाला पाच या प्रमाणात हळू फिरणार. मिनिटाला 33⅓ फेरे घेणारी तबकडी जेमतेम 28 फेरे घेणार. आणि आवाज? तो तीन अर्धस्वरांहून थोडा जास्तच खाली उतरणार. काळी चारला गाणारी गायिका पांढरी चारच्याही किंचित खाली गायला लागणार आणि द्रुत तान आळसावल्यासारखी वाटणार. घरात सगळे म्हणणार, यंत्र बिघडलं. लॅमिंग्टन रोडवरचा जाणता कारागीर हसायचा, लेथवर वीस टक्के मोठ्या व्यासाची पुली काढून बसवायचा आणि गायिका आपल्या पट्टीत परत यायची. हे ज्ञान कुठल्याही माहितीपत्रकात नव्हतं. ज्यानं हे करून दिलं, त्याला कुटुंब आयुष्यभर विसरत नसे.

दुकानदार आणखीही एक काम करायचा, ते म्हणजे कॅसेट भरून देणं. आपण कोरी कॅसेट आणि यादी द्यायची, तो तबकडीवरून गाणी भरून द्यायचा. स्वामित्वहक्काच्या दृष्टीनं हे सरळसरळ बेकायदा होतं, आणि त्यात कलावंताचं नुकसान होतं, हे इतिहास सांगताना लपवायचं कारण नाही. पण त्या याद्यांमुळे दुकानदाराला कळायचं, की या घरात आजोबा नाट्यगीतं ऐकतात आणि मुलगा किशोरकुमार. नवा स्पीकर आला की कुणाला निरोप धाडायचा, हे त्याला त्या यादीवरूनच ठरवता यायचं.

म्हणून टंचाईचा काळ सोन्याचा होता असं म्हणायचं का? मुळीच नाही. ज्याच्याकडे जाणतेपण असतं आणि समोरच्याकडे पर्याय नसतो, त्याच्या हातात फार मोठी सत्ता असते. वापरलेला डेक पुसून नवा म्हणून खपवणं, आतले भाग बदलणं, बनावट नावपट्टी चिकटवणं, हे सगळं चालायचं. आणि ऐकवण्यातली हातचलाखी तर होतीच. तिच्यातली सगळ्यात जुनी युक्ती सांगतो, कारण ती आजही चालते. दोन अ‍ॅम्प्लिफायर एकापाठोपाठ ऐकवताना जो विकायचा आहे, त्याचा आवाज अगदी किंचित वर ठेवायचा. एखाद्या डेसिबलचा फरक. आपल्या कानाला तो ‘मोठा’ असा जाणवतच नाही, तो ‘जास्त स्वच्छ’, ‘जास्त भरदार’ असा जाणवतो. कानाचा हा स्वभाव आहे, त्यात श्रोत्याचा अडाणीपणा नाही. एडिसनच्या अंधाराचीच ही धाकटी बहीण.

खोक्यावरचा आकडा

1991 च्या जुलैमधल्या अर्थसंकल्पानं जकातीचा कमाल दर 150 टक्क्यांवर आणला. त्याआधी तो 300 टक्क्यांच्याही वर होता, हे ऐकलं की आधीच्या काळाचा अंदाज येतो. पुढे दर उतरत गेले. 1 एप्रिल 2001 ला उरलेल्या 715 प्रकारच्या मालावरचे आयातीचे संख्यात्मक निर्बंधही उठले. त्याआधी 1986 साली ग्राहक संरक्षण कायदा आला होता. म्हणजे आता माल उघड, पावती उघड, हमी छापील आणि फसवणूक झाली तर जिल्हा मंच. गिऱ्हाइकाच्या हातात पहिल्यांदाच खरी ताकद आली. याचं स्वागतच करायला हवं, आणि मी ते करतो.

पण बाजार मोठा झाला तसं ऐकवण्याचं काम खोक्याकडे गेलं. नव्वदीच्या दशकातल्या म्युझिक सिस्टिमची खोकी आठवतात? त्यांवर ठळक अक्षरांत 1000 वॅट, 2000 वॅट, आणि पुढे बारीक अक्षरांत ‘पीएमपीओ’. या आकड्यामागे कुठलाही सर्वमान्य मोजमापाचा नियम नव्हता. क्षणभरासाठी कागदावर जास्तीत जास्त किती शक्ती दाखवता येईल, ते सगळे स्पीकर धरून बेरीज करून छापायचं. सलग देता येणारी खरी शक्ती त्याच्या एक लहानसा अंश. अमेरिकेत याच आकडेबाजीला आळा घालायला तिथल्या व्यापार आयोगानं 1974 सालीच घरगुती अ‍ॅम्प्लिफायरची सलग शक्ती कशी मोजून जाहीर करायची, याचा नियम केला होता. आपल्याकडे पीएमपीओचे आकडे पुढेही कित्येक वर्षं खोक्यांवर मिरवत राहिले.

आणि खऱ्या वॅटचंही गणित लोकांना वाटतं तसं नाही. शक्ती दुप्पट केली तर पातळी फक्त 3 डेसिबलनं वाढते. आवाज कानाला दुप्पट वाटायला ढोबळमानानं दहापट शक्ती लागते. तेव्हा 50 वॅटऐवजी 100 वॅट घेतल्यानं घरात क्रांती होत नाही. स्पीकर भिंतीपासून हात-दीड हात पुढे ओढल्यानं त्याहून जास्त फरक पडू शकतो. हे गिऱ्हाइकाला कोण सांगणार? खोकं सांगणार नाही. जुना दुकानदार सांगायचा, ‘अहो, त्या हजारावर जाऊ नका, याच्यात खरे पंधराच आहेत.’ पण शेजारच्या मोठ्या शोरूममध्ये तोच हजाराचा आकडा सवलतीत आणि हप्त्यावर मिळत असेल, तर पंधराचं सत्य कोण विकत घेणार?

म्हणजे बघा, टंचाईच्या काळात पावती नव्हती, पण कान होते. सुबत्तेच्या काळात पावती आली आणि कान बिलाबाहेर पडले.

माझा वाटा

आता कबुलीची गोष्ट. 2009 साली मी नोकरीनिमित्त बंगळूरला होतो. नवं घर, जुने स्पीकर, आणि आवाज काही केल्या मनासारखा लागेना. सगळं कसं घुमल्यासारखं. मला वाटलं, अ‍ॅम्प्लिफायर बदलायला हवा. एका सहकाऱ्यानं एका छोट्या दुकानाचा पत्ता दिला. मालक साठीचे, मूळचे बेळगावचे. मी मराठी आहे म्हटल्यावर एकदम मोकळे झाले.

पहिला प्रश्न, ‘काय ऐकता?’ दुसरा, ‘कुठल्या खोलीत?’ मी मॉडेलचं नाव सांगत होतो आणि ते खोलीबद्दल विचारत होते. शेवटी म्हणाले, ‘राहू द्या. रविवारी येतो की मी.’

आले. दारातच चपला काढून खोलीच्या मध्यभागी उभे राहिले आणि एक टाळी वाजवली. टाळीमागून बारीक थरथर ऐकू आली, समोरासमोरच्या दोन उघड्या भिंतींमध्ये आवाज उड्या मारत होता. ‘ऐकलासा? हे तुमचं अ‍ॅम्प्लिफायर नव्हे, भिंत आहे ही.’ दोन्ही स्पीकर कोपऱ्यांत होते, ते त्यांनी स्वतः ओढून पुढे घेतले. पुस्तकांचं कपाट समोरच्या भिंतीला लावायला सांगितलं. तात्पुरती म्हणून एक जाड गोधडी दोरीवर टांगली. किशोरीताईंचं एक ध्वनिमुद्रण लावलं. तानपुरे, जे आजवर एक गुंजन होतं, ते दोन वेगवेगळे तानपुरे झाले.

एवढं झाल्यावर ते सरळ म्हणाले, अ‍ॅम्प्लिफायर बदललात तर आणखी थोडा फरक पडेल, पण खूप नाही. तरी मला हवाच होता. त्यांनी एक मॉडेल सुचवलं, चार दिवस पसंतीवर दिलं. कागद नाही, आगाऊ रक्कम नाही. ‘घेऊन जावा की. ऐका निवांत.’

ऐकलं. आवडलं. त्यांची किंमत होती 42,000 रुपये. त्याच आठवड्यात एक मित्र सिंगापूरहून यायचा होता. तिथे तेच मॉडेल 31,000 ला पडत होतं.

मी पाचव्या दिवशी अ‍ॅम्प्लिफायर परत नेऊन दिला. ‘सध्या जरा थांबतो,’ असं म्हणालो. त्यांनी काही विचारलं नाही. फक्त खोकं उघडून तार नीट गुंडाळली आहे ना ते पाहिलं.

दीड वर्षानं एका रात्री वीज गेली आणि आली, आणि माझा सिंगापुरी अ‍ॅम्प्लिफायर मुका झाला. कंपनीच्या सेवा केंद्रानं इथलं बिल मागितलं. ते नव्हतं. मी फिरून त्याच दुकानाच्या पायरीवर. त्यांनी यंत्र उलटं करून मागचा क्रमांक पाहिला आणि म्हणाले, ‘हा आमच्यातला नव्हे.’ त्यात राग नव्हता, नोंद होती.

दुरुस्ती होईल म्हणाले. पण त्यांच्या कारागिराकडे सहा यंत्रं आधीची होती, ती त्यांच्या गिऱ्हाइकांची. माझं सातवं. आणि एक हिशेब त्यांनी स्वच्छ मांडला. दुरुस्तीचे अमुक, सुट्या भागांचे अमुक, आणि घरी येऊन ऐकण्याचे 1,500. ‘ते तेव्हा घेतले नाहीत. विकलं की त्यात निघतात आमचे. तुम्ही घेतलं नाहीसा, तर आता द्या.’

मी दिले. बिलावर ‘ऐकवलं’ अशी ओळ मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली. त्यांनी ती इंग्रजीत ‘होम व्हिजिट’ अशी लिहिली होती, पण अर्थ तोच.

मला तेव्हा आधी ते कद्रूपणाचं वाटलं, हेही सांगतो. घरी येताना जोडीला रिक्षाचे पैसे का नाही मागितले, असलं काहीतरी मनात आलं. नंतर हिशेब केला. मी 11,000 वाचवले होते ते कशातून? जकात चुकवून काही, आणि त्यांचा नफा न देऊन काही. त्या नफ्यात काय होतं? त्यांचा रविवार, ती टाळी, ती गोधडी, आणि चार दिवस माझ्या घरात अडकलेलं त्यांचं भांडवल. मी माल सिंगापूरहून आणला, पण कान बेळगावकरांचे वापरले. आणि किंमत फक्त मालाची मोजली.

मग न्याय काय?

माझ्यासारखी गिऱ्हाइकं पुष्कळ निघाली, हे सांगायला आकडेवारीची गरज नाही. दुकानात ऐकायचं आणि फोनवर मागवायचं, हे आता कुणाला चोरटेपणाचंही वाटत नाही. ऑनलाइन खरेदीत परत करण्याची मुदत असते. एका अर्थानं 1930 च्या कायद्यातली ‘पसंती’च ती. वस्तू घरी येते, नको असेल तर परत जाते. पण त्या खोक्याबरोबर टाळी वाजवणारा माणूस येत नाही. मग आपण एकामागून एक खोकी बदलत राहतो आणि दोष भिंतीत असतो.

याचा अर्थ गिऱ्हाइकानं दुकानदाराची दया म्हणून जास्त पैसे मोजावेत असा नाही. तस्करीच्या काळात अडवणूक सोसलेल्या पिढीला मी हे सांगूही शकणार नाही. स्वस्त मिळणारी वस्तू महाग घ्या, हा उपदेश बाजारात कधी टिकत नसतो. मला वाटतं, चूक दुसरीकडे आहे. ऐकवण्याचा खर्च मालाच्या किमतीत लपवून ठेवणं, ही या धंद्याची शंभर वर्षांची सवय. जोवर माल एकाच दुकानी मिळत होता, तोवर ती चालली. माल सगळीकडे मिळायला लागला तेव्हा लपवलेला खर्च आधी उघडा पडला आणि मग कापला गेला. तेव्हा दुकानदारानं ऐकण्याचे, खोली पाहण्याचे पैसे वेगळे सांगावेत आणि माल घेतला तर वळते करावेत. आपणही डॉक्टरची तपासणी फी देतो तसे ते न कुरकुरता द्यावेत. औषध कुठूनही घ्या.

आणि गिऱ्हाईक म्हणून आपणही काही शिकावं. दोन यंत्रांची तुलना करताना आवाजाची पातळी सारखी केली का, हे विचारावं. आपली, पाठ असलेली ध्वनिमुद्रणं सोबत न्यावीत. वॅटच्या आकड्याआधी आपली खोली सांगावी. जो दुकानदार मॉडेलच्या आधी खोलीबद्दल विचारतो आणि ‘बदलू नका, खूप फरक पडणार नाही’ असं म्हणण्याची हिंमत ठेवतो, त्याच्याकडे थांबावं.

बेळगावकरांचं दुकान पुढे बंद झालं. मुलांनी दुसरा व्यवसाय धरला. माझ्या घरातलं ते पुस्तकांचं कपाट मात्र तीन घरं बदलली तरी स्पीकरच्या समोरच्या भिंतीला असतं. नव्या घरात शिरलो की सामान लावण्याआधी मी खोलीच्या मध्यभागी उभा राहून एक टाळी वाजवतो. त्याचे 1,500 रुपये मी दिले आहेत. उशिरा, पण दिले आहेत.

तुमच्या शहरातल्या अशा एखाद्या दुकानाची आठवण असेल तर घरच्या लहानांना जरूर सांगा. भेटू या पुढच्या भागात.